अमेरिकेंतील नववीचें वर्ष

महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांतून नववीच्या वर्षाला एक प्रकारची सवलत मिळत आलेली आहे. आठवीपर्यंत मूल लहान, दहावीला शालान्त परीक्षेचें सावट. मधलें हें एक वर्ष तेवढें मोकळें. त्या वर्षाची परीक्षा शाळाच घेते, तिचे गुण पुढें सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि दहावीचा निकाल एकदां हातीं आला म्हणजे नववीचें प्रगतिपुस्तक रद्दींत गेलें तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. "नववींत थोडें हुंदडूं द्या, दहावींत बघूं" हें वाक्य जेथें कधींच उच्चारलें गेलें नाहीं असें घर विरळाच. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली आणि रानडे व भांडारकर तींत उत्तीर्ण झाले. तेव्हांपासून आपली नजर शेवटच्या एका परीक्षेवर खिळून राहिली आहे. जेथें सारें त्या एका परीक्षेवर अवलंबून असतें, तेथें तिच्या आधींचे अपराध आपोआप पोटांत घातले जातात.

हीच समजूत सामानाबरोबर बांधून एखादें मराठी कुटुंब अमेरिकेंत जातें, तेव्हां मात्र तिचा उपयोग होत नाहीं. उलट कधीं कधीं ती महागांत पडते. तिकडे बहुतेक ठिकाणीं हायस्कूल नववीपासून सुरू होतें. नववी ते बारावी अशीं चार वर्षें, साधारणपणें चौदाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. न्यू जर्सींत राहणारी मुलगी पुण्याला वडिलांना फोनवर सांगते, "बाबा, चिरंजीवांच्या विषयांचा कागद आला आहे, उद्यांपर्यंत सही करून द्यायचा आहे, मला तर कांहीं सुचत नाहीं." बाबा हंसून म्हणतात, "अग, अजून नववीच ना?" दोघांचेंही आपापल्या परीनें खरें असतें, फक्त दोघें दोन निरनिराळ्या हिशेबांची भाषा बोलत असतात. तिकडचा हिशेब कसा चालतो, आणि पुढें कॉलेजांत जावयाचें आहे हें ध्यानांत ठेवून त्या पहिल्या वर्षाची आंखणी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंत सबंध देशाची अशी एक शालान्त परीक्षा नाहीं. शिक्षण हा तेथें राज्यांचा विषय, आणि राज्यांतही पुष्कळसा अधिकार स्थानिक शाळामंडळांचा. मग कॉलेजानें विद्यार्थ्याची पारख करावयाची ती कशावरून? ती मुख्यतः हायस्कूलच्या एकत्र नोंदीवरून. तिला तिकडे 'ट्रान्सक्रिप्ट' म्हणतात. विद्यार्थ्यानें कोणत्या सत्रांत कोणता विषय घेतला, तो साधा होता कीं वरच्या पायरीचा, आणि त्यांत त्याला ए, बी, सी, डी, एफ यांपैकीं कोणती श्रेणी मिळाली, हें सारें त्या कागदावर ओळीनें मांडलेलें असतें. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, असे अंक धरीत एफला शून्य देतात आणि सर्वांची सरासरी काढतात. या पद्धतींत एका दिवसाचें डोकें दुखलें म्हणून सर्वस्व जात नाहीं. परंतु एखादें सत्र बिघडलें तर तें पुसलेंही जात नाहीं. सरासरींत मिसळून तें शेवटपर्यंत तेथेंच राहतें.

या मोजणीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अँड्र्यू कार्नेगी यानें दिलेल्या द्रव्यांतून १९०५ सालीं एक प्रतिष्ठान स्थापन झालें. कॉलेजांतील प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देणें हें त्याचें आरंभींचें एक मुख्य काम. पण कॉलेज म्हणावें कोणाला? त्या काळीं कितीएक संस्था स्वतःला कॉलेज म्हणवून घेत आणि हायस्कुलाचेंच शिक्षण देत. तेव्हां प्रतिष्ठानानें अट घातली कीं, जी संस्था प्रवेशासाठीं हायस्कुलांतील निदान १४ 'युनिटें' मागेल तीच या निवृत्तिवेतनाला पात्र. आणि एका विषयाचे वर्षभरांतील सुमारें १२० तास म्हणजे एक युनिट. वृद्ध प्राध्यापकांच्या पेन्शनीसाठीं काढलेली ही मोजपट्टी अशा रीतीनें देशांतील सार्‍या मुलांच्या पाठीशीं लागली, ती शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी सुटलेली नाहीं. आजही तेथील हायस्कूलचा दाखला मिळतो तो ठराविक 'क्रेडिटें' गांठीं जमल्यावर, आणि त्यांतील पहिलें क्रेडिट नववीच्या पहिल्या सत्रांत जमा होतें.

आतां एक साधा हिशेब मांडावा. कॉलेजांकडे अर्ज जातात ते बारावी पुरी झाल्यावर नव्हे, तर बारावीच्या आरंभीं. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत बहुतेकांची मुदत संपते. म्हणजे अर्ज वाचणार्‍याच्या हातीं पुरीं झालेलीं वर्षें तीनच असतात. ज्या वर्षाला आजोबा "अजून नववीच" म्हणतात तें त्या कागदाचा तिसरा हिस्सा असतें. कॅलिफोर्निया विद्यापीठ याला थोडा अपवाद आहे. तेथें सरासरी काढतांना नववीनंतरच्या सुट्टीपासूनचे गुण धरतात, नववीचे धरीत नाहींत. पण प्रवेशासाठीं जे १५ वार्षिक विषय लागतात त्यांत नववींतले विषय मोजले जातात, आणि त्यांत निदान सी श्रेणी असावी लागते. तेव्हां सवलत आहे ती अंकांपुरती; विषयांतून सुटका नाहीं. शिवाय १९२६ पासून चालत आलेल्या 'सॅट' परीक्षेचा आधारही पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. २०२० सालच्या साथीनंतर अनेक कॉलेजांनीं ती ऐच्छिक केली. पुढें कांहींनीं पुन्हां सक्तीची केली. कॅलिफोर्निया विद्यापीठानें मात्र प्रवेशासाठीं तिचे गुण पाहणेंच बंद केलें. जेथें परीक्षा मागें सरली तेथें नोंदीचें वजन साहजिकच वाढलें.

विषयांच्या आंखणींत सर्वांत नाजूक प्रश्न गणिताचा, आणि आपल्याकडून गेलेले पालक फसतात तेही बहुधा येथेंच. आपल्या शाळांत बीजगणित आणि भूमिति हीं जोडीनें चालतात. सर्व वर्ग एका वेळीं एकच इयत्ता चढतो. अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं गणित ही एकावर एक रचलेली शिडी आहे. पहिलें बीजगणित, मग वर्षभर केवळ भूमिति, मग दुसरें बीजगणित, त्यानंतर त्रिकोणमिति वगैरेंचा 'प्रीकॅल्क्युलस', आणि शेवटीं कॅल्क्युलस. एका वर्षांत एक पायरी. ज्यानें आठवींतच पहिलें बीजगणित पुरें केलें तो नववींत भूमितीला बसतो आणि बारावींत कॅल्क्युलसपाशीं पोंचतो. ज्यानें तें नववींत घेतलें तो सरळ चालीनें प्रीकॅल्क्युलसवर थांबतो. एकाच वर्गांत शेजारीं शेजारीं बसणारीं दोन मुलें या शिडीवर दोन वेगळ्या पायर्‍यांवर असूं शकतात, आणि त्यांच्या आईबापांना याची गंधवार्ताही नसते. कारण दोघांच्याही वहीवर 'गणित' एवढेंच लिहिलेलें असतें.

ही शिडी किती जिव्हाळ्याचा विषय आहे याची साक्ष सॅन फ्रान्सिस्को शहरानें दिली आहे. तेथील शाळामंडळानें २०१४ सालीं असें ठरविलें कीं, बीजगणित सर्वांनीं नववींतच घ्यावें. हुशार समजलेलीं मुलें पुढें आणि बाकीचीं कायमचीं मागें, अशी फाळणी लहान वयांत होऊं नये. हेतु चांगला होता. परंतु ज्यांना परवडत होतें त्यांनीं खासगी वर्गांतून किंवा सुट्टींत ती पायरी चढून घेतली, आणि ज्यांना परवडत नव्हतें तीं मुलें खालीं राहिलीं, अशी तक्रार वर्षानुवर्षें चालली. अखेर २०२४ सालीं आठवींत बीजगणित परत आणण्याचा ठराव मंडळानें केला, आणि त्याच वर्षीं मार्चमध्यें शहराच्या मतदारांनींही मोठ्या बहुमतानें तसाच कौल दिला. बीजगणित कोणत्या इयत्तेंत असावें यावर मतपेट्या मांडल्या जाव्या, ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण त्या शिडीच्या टोंकाला कॉलेज आहे हें ज्या आईबापांना कळलें होतें त्यांना ती तशी वाटली नाहीं.

याचा अर्थ प्रत्येक मुलाला ओढून वरच्या पायरीवर बसवावें असा मात्र नाहीं. पहिलें बीजगणित कच्चें राहिलेल्या मुलाला केवळ शेजारच्या मुलाशीं बरोबरी म्हणून भूमितींत ढकललें तर भूमिति कशीबशी निभते, कारण तिचें बीजगणिताशीं काम थोडें. खरी कसोटी त्यापुढच्या वर्षीं दुसर्‍या बीजगणितांत लागते, आणि तेथें पडलेलें भगदाड बुजविण्यास तेव्हां वेळ उरलेला नसतो. उलट नववींत पहिलें बीजगणित पक्कें करून, दहावींत भूमिति व दुसरें बीजगणित बरोबर घेऊन, किंवा सुट्टींत एक पायरी चढून, बारावीला कॅल्क्युलस गांठणारे विद्यार्थी आहेत. शिवाय अनेक हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकविलाच जात नाहीं, आणि शाळेनें जें देऊं केलें नाहीं तें विद्यार्थ्यानें कां घेतलें नाहीं असें कॉलेजें सहसा विचारीत नाहींत. अभियांत्रिकी किंवा पदार्थविज्ञान यांकडे कल असेल त्यानें शिडीची ही रचना नववीपूर्वीं जाणून घ्यावी. ज्याचा कल अजून कळलेला नाहीं त्यानें तर अधिकच जाणून घ्यावी. कारण कल सोळाव्या वर्षीं कळला आणि शिडी चौदाव्या वर्षींच आंखडलेली असली, तर त्या कळण्याचा उपयोग काय?

वरच्या पायरीचे, म्हणजे 'ऑनर्स' म्हणविणारे वर्ग नववींतही असतात, आणि कांहीं शाळा त्यांतील गुणांना जास्त वजन देतात. मुलाला ज्या विषयाची खरी गोडी आहे अशा एक-दोन विषयांत ते घेणें शहाणपणाचें. पांचही विषयांत घेणें हा आईबापांचा हौसेचा खर्च असतो, आणि तो मुलाच्या झोपेंतून भागविला जातो.

भाषेविषयीं थोडें सांगावयास हवें. पुष्कळ कॉलेजांना इंग्रजीखेरीज एखाद्या भाषेचा सलग अभ्यास हवा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ दोन वर्षें मागतें आणि तीन वर्षें झालीं तर बरें असें सांगतें. भाषा नववींत सुरू केली म्हणजे मधलें वर्ष न गाळतां तीन-चार वर्षें सहज होतात; अकरावीवर टाकली म्हणजे ती उरकण्याची बाब बनते. येथें मराठी घरांची एक विसंगति नजरेस येते. जें मूल पांचव्या वर्षीं आजीशीं अस्खलित मराठी बोलत होतें त्याची भाषा बाराव्या वर्षापर्यंत आपण सुखेनैव सुकूं देतों, आणि मग चौदाव्या वर्षीं त्याला पहिल्या धड्यापासून स्पॅनिश शिकवूं लागतों. स्पॅनिश शिकूं नये असें नाहीं. तिकडे ती शेजार्‍यांची भाषा आहे, ती यावीच. परंतु कॅलिफोर्नियानें २०११ सालीं कायदा करून इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा उत्तम जाणणार्‍या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर तशी मोहोर उठविण्याची सोय केली, आणि इतर अनेक राज्यांनींही तिचें अनुकरण केलें. भाषा कोणती असावी यासंबंधीं त्या कायद्यांत भेद नाहीं. वाचणें आणि लिहिणें येत असेल तर मराठीलाही तेथें वाव आहे; केवळ बोलतां येणें पुरत नाहीं. महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळा नववीच्या सुमारास 'आतां अभ्यास वाढला' म्हणून सोडून दिल्या जातात, त्या नेमक्या नको त्या वेळीं.

एवढें सर्व विषयांबद्दल झालें. परंतु नववीचें वर्ष कोणत्या कारणानें बिघडतें याचा जो सर्वांत कसून अभ्यास झाला आहे त्यांतून निघालेली गोष्ट विषयनिवडीची नाहीं, गणिताचीही नाहीं. शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं त्या शहराच्या सरकारी हायस्कुलांतील नववीच्या विद्यार्थ्यांची नोंद वर्षानुवर्षें तपासली. त्यांनीं एक सोपी कसोटी ठरविली: नववीच्या अखेरीस ज्याचीं पांच पूर्ण क्रेडिटें जमलीं, आणि इंग्रजी, गणित, विज्ञान व समाजशास्त्र या मुख्य विषयांत मिळून ज्याला एका सत्रापुरता एकाहून अधिक एफ नाहीं, तो विद्यार्थी 'रुळावर आहे' असें समजावें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत असें दिसून आलें कीं, रुळावर असलेला विद्यार्थी चार वर्षांत दाखला मिळविण्याचा संभव रुळावरून घसरलेल्याच्या मानानें साडेतीन पटींहून अधिक असतो. आठवीच्या परीक्षेंत कोणाला किती गुण होते यापेक्षां नववीच्या एका वर्षाची ही खूण भविष्य अधिक अचूक सांगत होती.

आणि घसरण्याचें कारण? २००७ सालच्या पुढच्या अहवालानें त्याचा शोध घेतला. आठवीच्या परीक्षेंतील गुणांवरून नववींतील नापासी जितकी ओळखतां येते, तिच्या आठपट चांगली ती वर्गांतील हजेरीवरून ओळखतां येते, असें त्यांना आढळलें. एका सत्रांत एक आठवडा गैरहजर राहिलें तरी नापास होण्याची भीति ठळकपणें वाढत होती, आणि हें चांगले गुण घेऊन आलेल्या मुलांच्या बाबतींतही खरें होतें. हीं मुलें शिकागोचीं, त्यांतील पुष्कळ गरीब घरांतलीं, आणि प्रश्न दाखला मिळण्याचा, बड्या कॉलेजांत जाण्याचा नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तरीसुद्धां कारणमीमांसा सर्वांना लागू पडण्यासारखी आहे. आठवीपर्यंत तिकडे मुलावर नजर ठेवणारे शिक्षक थोडे आणि ओळखीचे असतात. हायस्कुलांत एकदम हजार-दोन हजार मुलांची गर्दी, तासातासाला वर्ग बदलणें, सहा-सात निरनिराळे शिक्षक, आणि त्यांतील प्रत्येकाला वाटतें कीं दुसर्‍या कोणीतरी चौकशी केली असेल. मूल दोन दिवस चुकलें, त्या दोन दिवसांत दिलेला गृहपाठ चुकला, त्या गृहपाठाला शून्य पडलें, आणि शून्याची सरासरींत काय करामत चालते हें गणित न शिकलेल्यालाही समजतें. चार गृहपाठांत नव्वद-नव्वद मिळविणार्‍या मुलाचा पांचवा कोरा राहिला कीं सरासरी एकदम बहात्तरावर येते. शिकागोच्या शाळांनीं पुढें वर्षाअखेरची वाट न पाहतां मधूनच अशीं मुलें हुडकून त्यांच्याशीं बोलण्यास सुरुवात केली, आणि रुळावर राहणार्‍या मुलांचें व दाखला मिळविणार्‍यांचें प्रमाण तेथें पुष्कळ वाढलें.

मराठी घरांना या बाबतींत आपण निर्धास्त आहों असें वाटतें. आपलीं मुलें कांहीं शाळा चुकवून भटकत नाहींत. खरें आहे, आपलीं मुलें आपणच चुकवितों. डिसेंबर महिना आला कीं नागपूरला मावसबहिणीचें लग्न निघतें, विमानाचें तिकीट सुट्टीच्या आठवड्यांत महाग म्हणून आठ दिवस आधीं निघतात, आणि इतक्या लांब आलों आहों तर शिर्डी, कोल्हापूर करूनच जाऊं म्हणून आठ दिवस उशिरां परततात. प्राथमिक शाळेंत हें खपून जातें. तेथील बाई उलट "भारतांत काय पाहिलेंस तें वर्गाला सांग" म्हणतात. हायस्कुलांत पहिल्या सत्राच्या अखेरच्या परीक्षा कोठें डिसेंबरच्या मध्यावर तर कोठें जानेवारींत असतात, म्हणजे बरोबर या मुहूर्तावर. लग्नाला जाऊं नये असें कोण म्हणेल? आजीआजोबांचा सहवास हाही शिक्षणाचाच भाग आहे. पण नववीच्या वर्षाची आंखणी करतांना शाळेचें सत्रांचें पत्रक आणि घरचें पंचांग हीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत, जावयाचेंच असेल तर शिक्षकांना महिनाभर आधीं लिहून कळवावें आणि राहणारें काम मागून घ्यावें. आणि इकडच्या मंडळींनीं, "एवढें काय, नववीच तर आहे" हें पालुपद तेवढें लावूं नये. या सबंध व्यवहारांत महाराष्ट्रांतील आजोबांच्या हातीं असलेलें साहाय्य हें आणि एवढेंच. पण तें लहान नव्हे.

शाळेंत सल्ला देणारे खास अधिकारी असतात, त्यांना 'कौन्सेलर' म्हणतात. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मतें एका सल्लागाराकडे २५० विद्यार्थी असावेत. प्रत्यक्षांत अनेक राज्यांत हा आंकडा पुष्कळच अधिक आहे. तेव्हां तो सल्लागार कितीही सज्जन असला तरी प्रत्येक मुलाचीं चार वर्षें मनांत घोळवीत बसेल अशी अपेक्षा करतां येत नाहीं. तें काम घरानें करावयाचें. एका कागदावर चार रकाने आंखून नववी ते बारावीचे विषय लिहावेत, राज्याला दाखल्यासाठीं काय लागतें आणि मनांतल्या दोन-तीन कॉलेजांना काय लागतें तें शेजारीं मांडावें, आणि तो कागद घेऊन सल्लागाराकडे जावें. "काय घेऊं?" असें विचारणार्‍याला पांच मिनिटें मिळतात, "या रकान्यांत कांहीं चुकलें आहे काय?" असें विचारणार्‍याला बरोबर उत्तर मिळतें. हा कागद मुलाच्या हस्ताक्षरांत असावा. तो पेन्सिलीनें लिहिलेला बरा, कारण दहावींत त्यांतील निम्मा बदलतो.

येथें एक जुनी गोष्ट आठवण्याजोगी आहे. १८९२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण संस्थेनें हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखालीं दहा जणांची समिति नेमिली आणि तिनें पुढच्या वर्षीं अहवाल दिला. त्या काळीं अमेरिकेंत हायस्कुलापर्यंत पोंचणारींच मुलें थोडीं, आणि त्यांतून कॉलेजांत जाणारीं त्याहून थोडीं. तेव्हां साहजिक प्रश्न असा कीं, कॉलेजांत जाणार्‍यांना एक आणि न जाणार्‍यांना दुसरें असें शिक्षण द्यावें काय? समितीनें सांगितलें, नाहीं. जो विषय शिकवावयाचा तो सर्वांना सारख्याच कसोशीनें शिकवावा, मग मूल पुढें कोठेंही जावो. पुढील काळानें हा सल्ला पुष्कळदां मोडला; तरी आपल्या घरांच्या दृष्टीनें त्यांतला विचार ताजा आहे. 'कॉलेज डोळ्यांसमोर ठेवणें' याचा अर्थ आपल्याकडे बहुधा 'डॉक्टर कीं इंजिनियर हें ठरविणें' असा होतो. चौदा वर्षांच्या मुलाला तें विचारण्यांत अर्थ नाहीं, आणि त्यानें उत्तर दिलें तर त्यावर विश्वास ठेवण्यांत त्याहून नाहीं. इंग्रजी लेखन, गणिताची पुढची पायरी, प्रयोगशाळेचें एक विज्ञान, इतिहास, एक भाषा, आणि चित्रकला, संगीत किंवा नाट्य यांपैकीं एक, एवढें नववींत घेतलें म्हणजे डॉक्टर, वकील, सुतार, संपादक यांपैकीं कोठलीच वाट बंद होत नाहीं. खेळ, वादविवाद, वाद्यवृंद वगैरे जे उद्योग शाळेबाहेरच्या वेळांत चालतात त्यांची मोठी यादी करण्याची हांव कांहीं घरांना असते. आवडीचें एक धरावें आणि चार वर्षें सोडूं नये. यादीला कॉलेजें आतां भुलत नाहींत.

हें सगळें ऐकून ज्यांच्या मुलाची नववी आधींच बिघडून गेली आहे त्यांचे धाबें दणाणण्याचें कारण नाहीं. नोंद पुसत नाहीं हें खरें, पण ती वाचली जाते ती माणसांकडून, आणि नववींत खालीं असून पुढें चढत गेलेली ओळ त्यांना दिसते. नापास झालेला विषय बहुतेक ठिकाणीं उन्हाळ्यांत पुन्हां घेतां येतो. आणि या सर्वांच्या पलीकडे दोन वर्षांचीं सार्वजनिक 'कम्युनिटी कॉलेजें' आहेत. एकट्या कॅलिफोर्नियांत तीं ११६ आहेत. १९६० सालच्या तेथील शिक्षणयोजनेनें असें ठरविलें कीं, जो कोणी शिकूं इच्छितो त्याला यांचें दार उघडें असावें, आणि तेथें दोन वर्षें नीट केलेल्याला पुढें विद्यापीठांत तिसर्‍या वर्षांत जातां यावें. त्या वाटेनें गेलेल्या विद्यार्थ्याचे हायस्कूलचे गुण कॅलिफोर्निया विद्यापीठ विचारांत घेत नाहीं. मराठी घरांतून या वाटेचें नांव काढणें अजून थोडें कमीपणाचें समजतात. तसें समजण्याचें कारण काय, तें समजणार्‍यांनाच ठाऊक. त्या कॉलेजांची फी मात्र विद्यापीठाच्या फीच्या अल्पांशानें असते.

वर्ष संपलें, जून उजाडला, कीं आणखी एक काम उरतें आणि तें बहुतेकांकडून राहून जातें. नववीच्या ट्रान्सक्रिप्टची प्रत शाळेंतून मागून घ्यावी. विषयाचें नांव बरोबर आहे काय, आठवींत केलेल्या बीजगणिताची नोंद आली आहे काय, ऑनर्सचा वर्ग साधा म्हणून तर लिहिला गेला नाहीं ना, दुसर्‍या राज्यांतून किंवा भारतांतून मध्येंच आलेल्या मुलाचीं आधींचीं क्रेडिटें जमा झालीं आहेत काय, हें आपल्या चार रकान्यांच्या कागदाशीं ओळ न् ओळ ताडून पाहावें. लिहिणार्‍याच्या हातून चुका होतात. ज्या शिक्षकानें तो वर्ग घेतला तो अजून त्याच शाळेंत असतो, त्याची वही त्याच्यापाशीं असते, आणि कचेरींतून दुरुस्ती करून घेण्यास जूनचा एक दिवस पुरतो.